दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न : रुग्णसेवेतील अशाब्दिक संवादाविषयी दोन मते

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तीन मार्गांनी करावी असे सांगितले आहे, आणि या तिन्हींपैकी पहिल्या दोहोंना शब्द लागत नाहीत, याकडे आजच्या वैद्यकशिक्षणाचे पुरेसे लक्ष नाही. रोग्याने तोंड उघडण्यापूर्वीच वैद्य त्याला पाहू लागतो, आणि त्याच वेळी रोगीही वैद्याला, बहुधा अधिक बारकाईने, पाहत असतो. चेहऱ्यावरचे भाव, नजर, हातवारे, बसण्या-उभे राहण्याची ढब, दोन व्यक्तींमधले अंतर, स्पर्श, तसेच आवाजाची पट्टी, बोलण्याचा वेग आणि मधले विराम यांतून शब्दार्थाखेरीज जो आशय पोहोचतो, त्याला अशाब्दिक संवाद म्हणतात. भारतात 2019 मध्ये एमबीबीएसचा क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला आणि त्याच्यासोबत वृत्ती, नीती व संवाद यांचे 'एटकॉम' या नावाने ओळखले जाणारे प्रशिक्षण आले, तेव्हापासून हा विषय निव्वळ स्वभावावर सोपवण्याजोगा राहिलेला नाही. तो शिकवावा कसा, किंबहुना शिकवता येतो का, यावर मात्र वॉर्डात आणि वर्गात तीव्र मतभेद आहेत.

त्या मतभेदांना वाचा देण्यासाठी येथे दोन व्यक्ती कल्पिल्या आहेत. एक आहेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सेचे ज्येष्ठ प्राध्यापक, ज्यांच्या मते कौशल्य हाताचे आणि बुद्धीचे असते व बाकी सारे सौजन्य होय. दुसऱ्या आहेत परिचर्या महाविद्यालयातील पाठ्यनिर्देशिका, म्हणजे भावी परिचारिकांना वॉर्डात नेऊन शिकवणाऱ्या अध्यापिका, ज्यांच्या मते रुग्णाजवळ कसे जावे हाही उपचाराचाच भाग आहे.

शल्यचिकित्सक : मॅडम, संवादकौशल्याच्या कार्यशाळांत पहिल्याच तासाला सांगितले जाते की संवादाचा 93 टक्के भाग अशाब्दिक असतो आणि शब्दांना अवघे 7 टक्के महत्त्व आहे. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांनी 1967 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन छोट्या प्रयोगांतून आले आहेत. त्या प्रयोगांत एकेकटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून, किंवा स्वराबरोबर चेहऱ्याचे छायाचित्र दाखवून, बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड एवढेच ओळखायला सांगितले होते. आणि भावना व वृत्ती यांच्यापलीकडे हे सूत्र लागू होत नाही, असे मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे. इन्शुलिन किती युनिट घ्यायचे आणि जेवणाआधी की नंतर, हे सांगताना शब्दांचे महत्त्व 7 टक्के मानले, तर रुग्ण दगावेल. ज्या विषयाची पायाभरणीच अशा गैरसमजावर होते, त्याला विद्यार्थ्यांचे तास कशासाठी द्यायचे?

पाठ्यनिर्देशिका : सर, ते आकडे वर्गातून हद्दपार व्हावेत, याबद्दल दुमत नाही. परंतु खोटा आकडा निघून गेला म्हणून खरा प्रश्न निघून जात नाही. नलिनी अंबाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांतून 10 सेकंदांचे तुकडे घेतले आणि ध्वनी गाळून शब्द ओळखू येणार नाहीत, केवळ स्वर उरेल, अशी व्यवस्था केली. ते तुकडे ऐकणाऱ्यांना ज्यांच्या आवाजात हुकमत अधिक आणि काळजी कमी जाणवली, त्या शल्यचिकित्सकांवर पूर्वी नुकसानभरपाईचे दावे झालेले असण्याची शक्यता अधिक आढळली. काय सांगितले जात आहे हे ऐकणाऱ्यांना कळत नव्हते, तरी कसे सांगितले जात आहे हे कळत होते.

शल्यचिकित्सक : दावा झाला म्हणजे हलगर्जी झाली असे नव्हे, आणि दाव्याला सामोरे गेल्यावरच एखाद्याचा आवाज कठोर झाला असेल, ही शक्यताही तो अभ्यास नाकारू शकत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की हा युक्तिवाद आपल्याकडे आणला की तो डॉक्टरांवरच उलटवला जातो. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरचे हल्ले आणि रुग्णालयांची तोडफोड रोखण्यासाठी महाराष्ट्राला 2010 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. अपघात विभागात रात्रभर जागलेल्या निवासी डॉक्टरला मारहाण झाल्यावर 'त्याने नीट बोलायला हवे होते' असे म्हणणे म्हणजे खाटांची टंचाई, मनुष्यबळाचा तुटवडा आणि औषधांचा अभाव यांचे खापर एका थकलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर फोडणे होय.

पाठ्यनिर्देशिका : ते खापर कोणीही फोडू नये. आवाजाची पट्टी बदलून औषधे येत नाहीत.

या मुद्द्यावर शल्यचिकित्सकांचे म्हणणे कोणतीही काटछाट न करता मान्य करायला हवे. हिंसेचे कारण हिंसा करणाऱ्यात आणि तिला वाव देणाऱ्या व्यवस्थेत शोधायचे असते. संवादाचे प्रशिक्षण म्हणजे डॉक्टरांना मार चुकवण्याची विद्या शिकवणे, असा समज रुजला तर तो विषय जन्मतःच विटाळेल. त्याचे समर्थन रुग्णाच्या हिताच्या आधारेच करावे लागते, आणि पाठ्यनिर्देशिकांनी पुढे नेमका तोच आधार घेतला.

पाठ्यनिर्देशिका : सर, पोटदुखीचा रुग्ण आला की आपण विद्यार्थ्यांना काय दाखवता? पोटातील आवरणाला सूज आली असेल तर रुग्ण गुडघे दुमडून निश्चल पडून राहतो, कारण जराशा हालचालीनेही वेदना वाढते. मूत्रखड्याची कळ असेल तर तो तळमळतो, उठतो, बसतो, एका कुशीवर राहू शकत नाही. पोट तपासताना नजर हातावर नव्हे तर रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवावी, हेही आपणच शिकवता, कारण 'दुखत नाही' म्हणणाऱ्याची भुवई नेमक्या जागी आकसते. म्हणजे ज्या विद्येला आपण सौजन्य म्हणून बाजूला सारता, तिच्याच आधारे शस्त्रक्रियेचा निर्णय घेता.

शल्यचिकित्सक : ती लक्षणे आहेत, संवाद नव्हे. रुग्ण काही सांगू इच्छितो म्हणून तो निश्चल पडत नाही.

पाठ्यनिर्देशिका : आणि डॉक्टर काही सांगू इच्छितो म्हणून त्याच्या कपाळावर आठी पडत नाही, तरीही रुग्ण ती वाचतो. सोनोग्राफी करणाऱ्याचा हात एका जागी थबकला, त्याने पडद्याकडे थोडे अधिक वाकून पाहिले, तर टेबलावरच्या गरोदर स्त्रीला अहवाल मिळण्यापूर्वीच काहीतरी कळलेले असते, आणि जे कळले ते बहुधा वस्तुस्थितीहून भयंकर असते. इच्छा असो वा नसो, शरीर आशय पोहोचवते. त्या वेळी 'माप नीट घेता यावे म्हणून थोडा वेळ लागतो आहे' एवढे एक वाक्य उच्चारले, तर ती भीती जागच्या जागी उतरते. अशाब्दिक संवादाचे भान म्हणजे काय, तर आपले शरीर आत्ता काय सांगून गेले हे ओळखून त्याला शब्दांची जोड देणे.

ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यापाशी तर शरीर हेच एकमेव साधन उरते. लहान बालकांच्या वेदनेसाठी 1997 मध्ये मांडलेली 'फ्लॅक' मोजपट्टी चेहरा, पायांची हालचाल, एकूण चुळबुळ, रडणे आणि समजावल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण देते. प्रगत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी 2003 मध्ये आलेली 'पेनॅड' मोजपट्टी श्वास, कण्हणे, चेहरा, देहबोली आणि सांत्वनाला मिळणारा प्रतिसाद पाहते. दोन्ही मोजपट्ट्यांत शेवटचा निकष असा आहे की तो नुसता पाहून भागत नाही, जवळ जाऊन धीर द्यावा लागतो आणि मग काय घडते ते नोंदवावे लागते. म्हणजे निरीक्षण आणि शुश्रूषा तेथे एकाच क्रियेत मिसळतात. स्वतःची वेदना शब्दांत सांगू न शकणाऱ्या वृद्धाला वेदनाशामक औषध वेळेवर मिळते की नाही, हे अशा वेळी परिचारिकेच्या नजरेवर ठरते, आणि या कौशल्याचे समर्थन करायला याहून मोठे कारण शोधण्याची गरज नाही.

शल्यचिकित्सकांनी वेदनेचा मुद्दा मान्य केला, परंतु त्यांचा पुढचा आक्षेप अधिक टोकदार होता.

शल्यचिकित्सक : चेहरा म्हणजे शब्दकोश आहे, असे मानून शिकवण्यात मोठा धोका आहे. पॉल एकमन यांच्या संशोधनानंतर मूलभूत भावनांचे चेहरे जगभर सारखेच असतात असे पाठ्यपुस्तकांत लिहिले गेले. पण लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये उपलब्ध संशोधनाचा जो विस्तृत आढावा घेतला, त्यात एकच भावना व्यक्ती, प्रसंग आणि संस्कृती यांनुसार फार वेगवेगळ्या रीतींनी प्रकटते, असे दिसून आले. नियम पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला डोक्यावर पदर घेऊन, नजर जमिनीवर ठेवून बसलेली सून दिसली की तो केसपेपरवर 'उदास' लिहितो, आणि शेजारी सासू व समोर परका पुरुष असताना ती दुसरीकडे पाहणार कुठे, हे त्याला सुचत नाही. उलट कण्हणे कमीपणाचे मानणाऱ्या शेतकऱ्याला 'वेदना सौम्य' असे लेबल लागते.

पाठ्यनिर्देशिका : परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांतील नियमही बहुतेक परदेशातून आलेले आहेत, हे खरे. जेरार्ड ईगन यांचे 'सोलर' सूत्र सांगते की समोरासमोर बसावे, हातपाय न आवळता मोकळे बसावे, किंचित पुढे झुकावे, नजरेला नजर द्यावी आणि सैल असावे. थिओडोर स्टिकली यांनी 2011 मध्ये ते परिचर्येसाठी सुधारताना अगदी समोर न बसता थोडे कोनात बसावे असे सुचवले, आणि स्पर्श व स्वतःची अंतःप्रेरणा यांची त्यात भर घातली. आपल्या वॉर्डात हा कोनातला बदलच जास्त उपयोगी ठरतो, कारण रुग्णाला हवे तेव्हा पाहता येते आणि नको तेव्हा नजर वळवता येते. मान हलवण्याचेही तसेच आहे, 'समजले का?' या प्रश्नावर आपला रुग्ण मान डोलावतो तेव्हा ती बहुधा आदराची खूण असते, आकलनाची नव्हे. म्हणून विद्यार्थिनींना सांगितले जाते की मान हलली तरी 'घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल ते सांगा पाहू' असे विचारून त्यांच्याच तोंडून ऐकावे. सुनेच्या बाबतीत सासूला आदराने बाहेर बसवून पुन्हा विचारावे. जे दिसले ते उत्तर मानायचे नाही. जे दिसले त्यावरून काय विचारायचे ते ठरवायचे.

येथे दोन्ही मते एकमेकांच्या सर्वांत जवळ आली, आणि वाग्भटाने प्रश्नाला दर्शन व स्पर्शन यांच्या पंक्तीला बसवले यातील शहाणपणही येथेच उलगडते. निरीक्षणातून निष्कर्ष काढणारा डॉक्टर आणि निरीक्षणातून प्रश्न काढणारा डॉक्टर यांत दुसराच खरा निरीक्षक होय, कारण पहिल्याचे पाहणे त्याच्या पूर्वग्रहापाशी संपलेले असते.

स्पर्शाविषयी वाद फार झाला नाही, तरी त्याचा इतिहास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एडवर्ड हॉल यांनी 1966 च्या ग्रंथात माणसे आपापसांत राखतात त्या अंतरांचे वर्गीकरण केले, तेव्हा सुमारे 45 सेंटिमीटरच्या आतील जागा केवळ जिवलगांसाठी असते असे नोंदवले. त्यांची मापे अमेरिकी मध्यमवर्गाच्या निरीक्षणावर आधारलेली असली तरी अशी एक सीमा प्रत्येक समाजात असते, आणि वैद्यकीय तपासणी ती पहिल्या काही मिनिटांतच ओलांडते. पॅरिसमध्ये रेने लेनेक यांनी 1816 मध्ये कागदाची गुंडाळी करून स्टेथोस्कोपची सुरुवात केली, ती एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे अप्रशस्त वाटले म्हणून. परपुरुषाला आजार सांगता येत नाही आणि शरीर दाखवता येत नाही म्हणून स्त्रिया उपचाराविना राहतात, हीच अडचण आनंदीबाई जोशी यांना 1886 च्या फिलाडेल्फियातील एम. डी. पदवीपर्यंत घेऊन गेली. पडदा ओढणे, हात लावण्याआधी सांगणे, स्त्री-रुग्णाच्या तपासणीवेळी परिचारिका उपस्थित ठेवणे आणि तपासून झालेला भाग लगेच झाकणे या गोष्टी शिष्टाचार म्हणून नव्हे तर तपासणीच्या पायऱ्या म्हणून शिकवल्या गेल्या पाहिजेत, यावर दोन्ही वक्त्यांचे एकमत झाले.

शल्यचिकित्सक : तत्त्व मान्य केले तरी वेळ कुठे आहे? जगातील 67 देशांतील माहितीचा जो आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात प्राथमिक आरोग्यसेवेतील डॉक्टर एका रुग्णाला बांगलादेशात सरासरी 48 सेकंद आणि स्वीडनमध्ये 22.5 मिनिटे देतो असे आढळले. भारताचा आकडा सुमारे 2 मिनिटे आहे. ओपीडीच्या दाराबाहेर रांग व्हरांड्यापर्यंत गेलेली असताना पुढे झुकणे आणि नजर देणे कोणाला परवडणार?

पाठ्यनिर्देशिका : वेळ कमी आहे म्हणूनच. अमेरिकेतील कॅन्ससच्या विद्यापीठ रुग्णालयात मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या 120 रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. शल्यचिकित्सक काहींच्या खाटेजवळ उभे राहिले, काहींच्या जवळ बसले. प्रत्यक्ष वेळ दोन्हीकडे एक-दीड मिनिटाच्या आसपासच होता, परंतु बसलेल्या डॉक्टरने 5 मिनिटांहून अधिक वेळ दिला असे रुग्णांना वाटले, आणि उभ्या डॉक्टरने 4 मिनिटांहूनही कमी.

शल्यचिकित्सक : मग ही फसवणूकच झाली, मॅडम. एक मिनिट देऊन पाच मिनिटांचा भास निर्माण करणे याला कौशल्य म्हणावे की हातचलाखी? उद्या व्यवस्थापन म्हणेल की खुर्च्या आणल्या, आता डॉक्टरांची पदे भरण्याची गरज नाही.

हा आक्षेप या संपूर्ण वादातील सर्वांत मोलाचा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी अंगांच्या हालचाली आणि वेशभूषा सरावाने साधतात, परंतु सात्त्विक अभिनय म्हणजे अश्रू, रोमांच, स्वराचा कंप यांसारखे भाव मनाच्या एकाग्रतेतूनच उमटतात, असे भरत मानतो. पांढरा ॲप्रन हे आहार्य झाले आणि झुकून बसणे हे आंगिक; मन जर पुढच्या रुग्णाकडे धावत असेल, तर उरते ती सात्त्विकावाचूनची हालचाल, आणि आजारी माणसाला ती ओळखू येते.

पाठ्यनिर्देशिका : फसवणूक तेव्हाच होईल, सर, जेव्हा बसणारा माणूस बसूनही लक्ष देणार नाही. पाठीवर पडलेल्या रुग्णाला उभा डॉक्टर खालून दिसतो, आणि त्याच्याभोवती राउंडसाठी आलेली दहा माणसे दिसतात. बसलेल्या डॉक्टरचा चेहरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो. पण बदल रुग्णाच्या बाजूलाच होतो असे नाही. बसलेल्या माणसाला उठण्याची क्रिया करावी लागते, म्हणून तो एक वाक्य अधिक ऐकतो, आणि रुग्ण खरी तक्रार पुष्कळदा शेवटीच सांगतो. शरीर स्थिरावले की मनही स्थिरावायला मदत होते. मात्र हसण्याचा हुकूम काढणे ही निराळी गोष्ट आहे. 'हसतमुखाने सेवा द्या' अशी सूचना लावली जाते ती परिचारिकांसाठी, ज्यांच्यावर दुसऱ्या पाळीतही एकटीने भरलेला वॉर्ड सांभाळण्याची वेळ येते. मनात नसलेला भाव नोकरीचा भाग म्हणून चेहऱ्यावर धारण करण्याच्या या श्रमाला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये भावनिक श्रम असे नाव दिले. त्या श्रमाचा मोबदला कोणी देत नाही, आणि तो करून करून माणूस आतून कोरडा होतो.

शल्यचिकित्सक : असे असेल तर आपल्यातला मतभेद चेहऱ्याबद्दल उरत नाही, तो जागेबद्दल आणि माणसांच्या संख्येबद्दल उरतो. कारण शासकीय वॉर्डात बसायचे ठरवले तरी बसायला काही नसते.

पाठ्यनिर्देशिका : आणि खाटेवर बसले तर संसर्ग-नियंत्रणाचा नियम आड येतो.

ल्यूक फिल्ड्स यांच्या 1891 च्या 'द डॉक्टर' या प्रसिद्ध चित्रात डॉक्टर आजारी मुलाकडे झुकून, हनुवटी हातावर टेकून बसलेला आहे. अमेरिकी वैद्यकीय नियतकालिक 'जामा'मध्ये 2012 साली एका लहान मुलीने काढलेले आपल्या तपासणीचे चित्र छापले गेले, त्यात डॉक्टर रुग्णाकडे पाठ करून संगणकावर टंकलेखन करताना दिसतो. या दोन चित्रांमधल्या डॉक्टरांची करुणा कमी-अधिक होती असे मानायला काहीच आधार नाही. पहिल्याजवळ खुर्ची रुग्णाकडे वळवलेली होती, दुसऱ्याचे टेबल भिंतीकडे. संगणकीय नोंदींचा प्रसार महाराष्ट्रातील रुग्णालयांतही होत असताना टेबल कोणत्या दिशेला ठेवले जाते, याचा निर्णय बहुधा विजेच्या जोडणीवरून होतो, आणि पुढची अनेक वर्षे त्या खोलीतील प्रत्येक संवाद त्या निर्णयाचा परिणाम भोगतो.

म्हणून 'नजर दिली : 1 गुण, पुढे झुकला : 1 गुण' अशा यादीने विद्यार्थ्याची परीक्षा घेणे या विषयाला मारक आहे, ती आंगिकाची परीक्षा होते आणि शल्यचिकित्सकांची भीती खरी ठरवते. विद्यार्थ्याने रुग्णात काय पाहिले, त्यावरून कोणता प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून आपले मत बदलले का, यांवर गुण द्यावेत. त्याच्या जोडीला रुग्णालयांचे अधिष्ठाते आणि वैद्यकीय अधीक्षक यांनी येत्या खरेदीत प्रत्येक खाटेमागे धुता येण्याजोगे एक स्टूल आणि प्रत्येक तपासणीच्या जागेला ओढता येणारा पडदा मागवावा, आणि संगणकाचा पडदा डॉक्टर व रुग्ण दोघांनाही दिसेल असे टेबल वळवून घ्यावे. परिचारिकांची रिक्त पदे भरण्याची मागणी या खरेदीसाठीच्या पत्रातच पहिल्या क्रमांकावर लिहावी.